रविवारचा डबा

रंजनाबाई: ही ती बिस्किटं नाहीत.

अपर्णा: आई, गार तर होऊ द्या. गरम असताना चव कळत नाही.

रंजनाबाई: चवीचं नंतर बघू. हे ऐक आधी. ओट्यावर आपटलं तर वाजायलंय! माझ्या रविवारच्या बिस्किटाला आवाज नव्हता गं. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा.

अपर्णा: तुम्हीच म्हणालात ना, लाल होऊ दे, लाल होऊ दे. म्हणून ठेवली आत.

रंजनाबाई: मग? आम्ही नानकटाई अशीच करतो, लाल झाल्याशिवाय काढत नाही. पण तू कशाला ऐकलंस माझं? बिस्किटं तुझी, ओव्हन तुझं. कुकटपल्लीच्या तुमच्या घरून एवढं धूड कॅबमध्ये घालून आणलंस, ते माझं ऐकायला?

अपर्णा: दुसरा ट्रे लावते. साहित्य आहे अजून.

रंजनाबाई: आणि अंडं नाही ना घातलंस? उद्या माझ्या गौतमच्या वर्षश्राद्धाचं पान आहे. गुरुजी सकाळीच येतील. अंड्याचं चालत नाही त्यावर.

अपर्णा: नाही घातलं.

रंजनाबाई: मग ठीक. गौतमनं पहिल्याच दिवशी सांगितलतं मला, यात अंडं नाही म्हणून. त्याशिवाय मी तोंडात घातलं नसतं. मग लोणी वाढव आता. एरवी किती घालतेस?

अपर्णा: एरवी... अंदाजानंच.

रंजनाबाई: अंदाज म्हणजे काय? वाटीभर? अर्धी वाटी?

अपर्णा: असंच काहीतरी.

रंजनाबाई: तीन वर्षं दर रविवारी डबा भरून पाठवलास, आणि लोणी किती ते सांगता येईना तुला! मला झोपेतून उठवून विचार, पुरणाला गूळ किती. हात विसरत नसतो पोरी.

अपर्णा: वर्षभर केली नाहीत ना.

नामदेवराव: रंजना, चहा टाकलायस का गं? करपल्याचा वास यायलाय.

रंजनाबाई: चहा करपत नसतो हो! तुम्ही हॉलमध्येच पडून राहा. उद्या दिवसभर बसायचंय तुम्हाला, पाठ धरली तर सगळेच परेशान.

नामदेवराव: पडलोच आहे. विचारलं आपलं.

रंजनाबाई: त्यांचंही बरोबर आहे म्हणा. या घरात ही बिस्किटं भाजायचा वास कधी आलाच नाही. आम्हाला आपला डब्यातला वास माहीत. गौतम आला, दार उघडलं, डब्याचं झाकण काढलं की दालचिनीचा वास जिन्यापर्यंत. वरच्या रेड्डीबाई विचारायच्या, क्या पकाये आज? मी म्हणायची, मी नाही, सुनेनं पाठवलंय.

अपर्णा: आई, ती साखरेची ताटली द्या इकडे.

रंजनाबाई: घे. तुला एक सांगू का? आज बोलते. लग्न ठरलं तेव्हा मी म्हणलं होतं, हिच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. बिदरची सोयरीक पक्की केलती मी. मुलगी बघितलेली, तिचे आईबाप आमच्या गावाकडचे. आणि यानं ऑफिसातली पुण्याची पोरगी आणून उभी केली. लई राग आलता मला.

अपर्णा: माहीत आहे. तुम्ही लग्नाला आलात पण जेवला नाहीत.

रंजनाबाई: नाही जेवले. नंतरही तुमच्या घरची पायरी चढले नाही. हा एकटाच यायचा रविवारी. आणि मग एका रविवारी डबा घेऊन आला. म्हणाला, अपर्णानं केलीत, खा. मी म्हणलं, नक्को. तर म्हणाला, आई, तुझे दात काढलेत ना, तुला चावायला नको म्हणून तिनं मुद्दाम मऊ केलीत.

अपर्णा: आई, नंतर बोलू का हे?

रंजनाबाई: ऐक तरी. खालचे सगळे दात नुकते काढलते माझे. कवळी बसत नव्हती. घरात सगळे पोळ्या खायचे आणि मी आपली दूधभात. कुणाच्या ध्यानात नव्हतं ते. आणि जिला मी नीट बोलले नाही कधी, ती तिकडं कुकटपल्लीत बसून माझ्या दातांचा विचार करायली! त्या एका बिस्किटावर मी विरघळले बघ, पण तुला फोन करून तसं म्हणायला मन धजलं नाही. अगं, का रडायलीस? रडू नक्को. मलाही येईल मग.

अपर्णा: उद्या पानावर दुसरं काहीतरी ठेवू या ना. खीर ठेवू.

रंजनाबाई: खिरीला तो तोंड लावत नव्हता, आणि उद्या बरी खाईल! मी ठरवलंय, बिस्किटंच ठेवायची. बायकोच्या हातची. त्याचा जीव त्यातच असायचा, डबा उघडून माझ्या तोंडाकडं बघत बसायचा, मी काय म्हणते म्हणून.

अपर्णा: मला ती येत नाहीत.

रंजनाबाई: आज बिघडली म्हणून लगेच—

अपर्णा: आज नाही आई. कधीच येत नव्हती. मी एकदाही केलेली नाहीत. गौतम करायचा.

रंजनाबाई: कोण?

अपर्णा: गौतम. दर शनिवारी संध्याकाळी. आठवडाभर मी कुकटपल्लीत तेच करते आहे, मोबाइलवर बघून बघून. एकही जमलं नाही. काल रात्री वाटलं, इथे आल्यावर कदाचित जमेल. वेडेपणाच तो.

रंजनाबाई: त्याला साधा चहा येत नव्हता गं.

अपर्णा: इथे येत नव्हता.

रंजनाबाई: खोटं बोलायलीस तू. तो माझ्याशी कधी खोटं बोलला नाही. अपर्णानं केलीत, खा. दर रविवारी हेच. माझ्या डोळ्यात बघून म्हणायचा.

अपर्णा: तो माझं नाव सांगतो हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मला वाटायचं, आईसाठी करतो, आईला नेऊन देतो. तेराव्याला कळलं मला. तुम्ही तुमच्या बिदरच्या बहिणीला सांगत होतात, की हीच ती, हिनं माझ्या दातांसाठी मऊ बिस्किटं पाठवली. मी ऐकतच राहिले.

रंजनाबाई: आणि गप्प बसलीस. वर्षभर.

अपर्णा: तुम्ही माझा हात धरला होतात तेव्हा. सगळ्यांसमोर, पहिल्यांदा. तो सोडवून घेववेना मला.

रंजनाबाई: तो गॅस बंद कर.

अपर्णा: गॅस नाही आई, ओव्हन आहे.

रंजनाबाई: जे असेल ते बंद कर. डोक्यात घरघर व्हायलीय माझ्या.

अपर्णा: केलं बंद. बसा तुम्ही. पाणी देऊ?

रंजनाबाई: नक्को पाणी. एकदा मी म्हणलं होतं त्याला, तुझी बायको साखर लई घालती, सांग तिला. हसला. म्हणाला, सांगतो. पुढच्या रविवारी साखर बेताची. मी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं, माझी सून ऐकती माझं. तोच ऐकत होता की गं! समोर बसून ऐकत होता.

अपर्णा: साखर कमी केलेली मला आठवते आहे. मी विचारलं तर म्हणाला, आईची ऑर्डर आहे.

रंजनाबाई: आणि मी वाटली ती बिस्किटं. रेड्डीबाईंना दिली. वॉचमनच्या लेकरांना दिली. भाजीवालीला कागदात बांधून दिली. एक मी खायची, एक यांना, आणि बाकी वाटून मोकळी.

अपर्णा: चांगलंच केलंत.

रंजनाबाई: काय चांगलं? सुनेची होती म्हणून वाटली. लेकाच्या हातची आहेत हे कळलं असतं तर एक चुरा कुणाला दिला नसता. मी सावकाश खाल्ली असती गं. मी ती चहात बुडवून दोन घासात संपवायची आणि उठायची. मला काय माहीत?

अपर्णा: म्हणजे माझी होती, म्हणून वाटण्यासारखी.

रंजनाबाई: हौ. खरं सांगायलेय. लागलं तुला तर लागू दे, आज माझ्यानं गोड बोलवत नाही.

अपर्णा: लागलंच. पण मीही खरंच सांगते मग. शनिवारची अख्खी संध्याकाळ तो तुमच्यासाठी त्या ओव्हनपुढे असायचा. बाहेर जाऊ म्हटलं तर नाही, पिक्चरला जाऊ म्हटलं तर नाही. चांगली गोल गोल तुमच्या डब्यात. मला काय, तर कडेनं मोडलेली. बशीत ठेवायचा आणि म्हणायचा, ही आपली. मी चिडायचे. तीन वर्षं मी तुमच्या डब्यावर जळत होते आई, आणि तुम्हाला वाटत होतं तो डबा मी भरते.

रंजनाबाई: मोडकी तुला द्यायचा?

अपर्णा: दर वेळी.

रंजनाबाई: मला मोडकं कधीच आलं नाही. मी म्हणायची, पुण्याची असून नीटनेटकी आहे पोरगी.

अपर्णा: हसता काय!

रंजनाबाई: हसू कुठलं. एवढ्या तापात पडला होता, दवाखान्यात. प्लेटलेट खाली चाललेत म्हणून डॉक्टर येऊन सांगायले, आणि हा मला काय म्हणाला माहीत आहे? आई, या रविवारी डबा नाही बरं का. मी म्हणलं, डब्याचं काय घेऊन बसलास, तू घरी ये, अपर्णा करील की पुढच्या रविवारी. तर माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, ग्लानीत आहे.

अपर्णा: हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत मला.

रंजनाबाई: त्यात सांगण्यासारखं काय होतं तेव्हा? आता कळायलंय. त्याला सांगायचं असेल. मीच मध्ये तुझं नाव घेतलं, मग कसा सांगेल? स्वतःच जोडलेलं कसं मोडेल?

अपर्णा: आई... नका ना.

रंजनाबाई: थांब, पदर सोड. उठू दे मला. उद्या पानावर बिस्किटं ठेवायची आहेत. तू बघितलंयस त्याला करताना?

अपर्णा: दारात उभी राहून बघायचे. पण तो पाठमोरा असायचा. काय किती घालतो ते दिसायचं नाही. विचारलं की म्हणायचा, तू नुसती उभी राहा, शोभा येते.

रंजनाबाई: तू बघितलंयस, मी खाल्लंय. एवढ्यात भागवू. ओव्हन लाव परत. आधी काय करायचा?

अपर्णा: लोणी घुसळायचा साखरेबरोबर. खूप वेळ. पांढरं होईपर्यंत.

रंजनाबाई: घुसळ मग. आज तू वितळवूनच घातलंस, मी बघितलं, बोलले नाही. आणि दालचिनीची पूड तू पाकिटातली आणलीस. ती नव्हती. माझ्या जिभेला बारीक कण लागायचे, मधूनच चुणचुण व्हायची. कुटलेली होती ती.

अपर्णा: बरोबर! लोखंडी खलबत्ता होता. शनिवारी ठकठक चालायची, खालचे लोक तक्रार करायचे.

रंजनाबाई: माझा खलबत्ता तो! इथून नेलता. म्हणाला, अपर्णाला मसाला कुटायला पाहिजे. मी म्हणलं, वा, आजकालच्या पोरी कुटतात तरी!

अपर्णा: मी आजवर हातात धरला नाही.

रंजनाबाई: आता धर. हा दुसरा आहे, लहान. साल कुठली पण? बिर्याणीत घालतो ती जाड नक्को, तिचा उग्रपणा घशात बसतो. त्या डब्यात पातळ गुंडाळीची आहे बघ, ती घे. हां. आणि एक आंबूस चव होती. पहिल्यांदा कळायची नाही, गिळल्यावर मागून यायची.

अपर्णा: लिंबू?

रंजनाबाई: लिंबू ओळखते मी. लिंबू नव्हे. दही असेल.

अपर्णा: दही! आई, दर शनिवारी रात्री फ्रिजमधलं दही गायब असायचं. मी भांडायचे त्याच्याशी. म्हणायचे, अख्खं दही कोण खातं? तो म्हणायचा, मांजर.

रंजनाबाई: तिसऱ्या मजल्यावर मांजर!

अपर्णा: अंड्याच्या जागी घालत असणार. तुमच्यासाठी. वाटीत काहीतरी पांढरं फसफसायचं, ते दह्यात सोडा घातलेलंच असणार.

रंजनाबाई: फ्रिजमध्ये सकाळचं विरजण आहे, घे. पाणी निथळून घे. मैदा हळू टाक. बस, आता मळू नक्को, नुसतं गोळा कर. पोळीचं नाही ते.

अपर्णा: हेच म्हणायचा तो. मी एकदा मदतीला गेले तर म्हणाला, मळू नको, रागावतं ते.

रंजनाबाई: मग?

अपर्णा: मग गोळे. लिंबाएवढे. साखर-दालचिनीत घोळवायचा, आणि दाबायचा नाही. तसेच ठेवायचा ट्रेवर. मग ओव्हनपुढे उकिडवा बसायचा, काचेतून बघत. मी विचारायचे, टीव्ही आहे का तो?

रंजनाबाई: लहानपणी चुलीपुढं असाच बसायचा. पोळी फुगती का बघत.

अपर्णा: तुम्ही खुर्चीवर बसा. गुडघे दुखतील.

रंजनाबाई: दुखू दे. सरक थोडी. दिव्यात दिसायलंय का काही?

अपर्णा: पसरायला लागलेत. कडा धरल्या बघा.

रंजनाबाई: मध्ये ओलं आहे अजून.

अपर्णा: आता काढायचे.

रंजनाबाई: कच्चे आहेत गं! ठेव अजून जरा.

अपर्णा: नाही आई. मीही हेच म्हणायचे त्याला, गौतम, अजून दोन मिनिटं. तो ऐकायचा नाही. म्हणायचा, कच्चे दिसतात तेव्हाच काढायचे. ट्रे गरम असतो, बाहेर आल्यावर राहिलेलं होतं आपोआप.

रंजनाबाई: माझा धीर होत नाही. सकाळपासून एकच डोक्यात आहे, पानावर कच्चं गेलं तर?

अपर्णा: मी काढते. तुम्ही बघू नका हवं तर.

रंजनाबाई: बघते. काढ.

(ट्रे ओट्यावर ठेवल्याचा आवाज.)

नामदेवराव: रंजना! गौतम आला काय गं? डबा उघडला ना? मला एक ठेव, सगळी वाटू नकोस खाली.

रंजनाबाई: नाही हो. आम्हीच आहोत. मी आणि अपर्णा.

नामदेवराव: हां. हां, हां. डोळा लागला होता जरा. वास आला ना, म्हणून... काही नाही. चालू द्या तुमचं.

अपर्णा: मी जाते त्यांच्याजवळ.

रंजनाबाई: नक्को. कुशीवर वळले असतील भिंतीकडं तोंड करून. त्यांना तसंच लागतं. थोड्या वेळानं बशीत घालून ने, काही बोलू नक्को, नुसती ठेव.

अपर्णा: तुम्ही चाखता?

रंजनाबाई: दे. ते नक्को, चांगलं आहे ते. कडेनं मोडलंय ते दे.

अपर्णा: आई, चांगलं घ्या ना.

रंजनाबाई: चांगलं तू घे. तीन वर्षं मोडकी खाल्लीस.

अपर्णा: कसं झालंय? आई, ती आहेत का? सांगा ना.

रंजनाबाई: थांब. घाई करू नक्को मला. सावकाश खाऊ दे.

अपर्णा: बरं.

रंजनाबाई: दालचिनी जरा कमी पडली. त्याची चुणचुण जास्त होती. पण मऊ आहे. हौ, मऊ आहे. माझी कवळी लागलीच नाही त्याला.

अपर्णा: सकाळी लवकर उठून पुन्हा करू का? दालचिनी वाढवून? गुरुजी यायच्या आत होतील.

रंजनाबाई: नक्को. हीच ठेवू. त्याच्यासारखी तंतोतंत नसू देत.

अपर्णा: पान तुम्हीच वाढाल ना उद्या? माझ्यानं नाही व्हायचं.

रंजनाबाई: वाढते मी. तू माझ्याजवळ उभी राहा फक्त. बिस्किटं पानावर ठेवताना मी म्हणते त्याला, अपर्णानं केलीत, खा.